मने, आधी डिस्क ओळख

मने, ते फॉरमॅटचं बटण दाबू नकोस. बाकी सगळं निवांत सांगते, पण आधी तो चौकोन 'रद्द' करून बंद कर आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून बाबांच्या फोटोंची डिस्क नीट इजेक्ट करून काढून घे.

विंडोजने 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' म्हटलं म्हणजे डिस्क मेली असं नसतं गं. बाबांचा डेस्कटॉप नंतरनंतर उबुंटूवरच चालायचा, म्हणजे आत बहुधा ईएक्सटी४ फाइल सिस्टीम असणार. विंडोजला ती आपली आपण वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते कोरंच आहे असं धरून ते फॉरमॅट मारायला सुचवतं. वर मदत केल्याचा आव. या एका सूचनेपायी किती घरांतले लग्नाचे फोटो उडाले असतील, देव जाणे.

तुझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे लाव. ती साडेतीन इंची डेस्कटॉपची डिस्क आहे, तिला बारा व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो आणि यूएसबीच्या वायरीतून मिळतात पाच. तेव्हा केसिंगबरोबर आलेला अडॅप्टर विसरू नकोस. पण लगेच लावायची घाई करू नकोस. आधी टर्मिनल उघड आणि 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' चालू करून ठेव. टाइप करताना अर्थातच सगळी इंग्रजी छोटी अक्षरं, मी इथे उच्चार लिहितेय. आता डिस्क लाव आणि पडद्याकडे बघत बस.

चार-पाच ओळी सरसर येतील. नवीन यूएसबी उपकरण सापडलं, कुणी बनवलं, अमुक मॉडेल. मग एक ओळ अशी येईल की चौकटी कंसात 'एसडीए' आणि पुढे १९५३५२५१६८ ब्लॉक, प्रत्येकी ५१२ बाइटचे. त्याच ओळीच्या शेवटी कर्नल स्वतःच हिशेब करून देतो: १.०० टीबी, म्हणजेच ९३२ जिबिबाइट. त्याखाली 'एसडीए: एसडीए१ एसडीए२' असं दिसलं तर समज की पार्टिशनचा तक्ता वाचता आला, अर्धी लढाई जिंकलीस. मला विचारशील तर डिस्क ओळखायची याहून पक्की रीत नाही. आत्ता, तुझ्या डोळ्यांसमोर, तू वायर खुपसल्यावर जे नाव आलं ते त्याच डिस्कचं. त्यात अंदाजाला जागाच नाही.

या ओळींऐवजी 'आयओ एरर' आणि सेक्टरचे आकडे येत राहिले, किंवा यूएसबी पुन्हापुन्हा 'रीसेट' व्हायला लागली, तर मात्र पुढचं काही करू नकोस. आधी वायर बदलून बघ. तरी तेच असेल तर डिस्क म्हातारी झालीय, तिला कमीत कमी त्रास द्यायचा. जीएनयूचा डीडीरेस्क्यू म्हणून प्रोग्रॅम आहे, तो जेवढं धड आहे तेवढं आधी उचलतो आणि खराब जागा शेवटी खरवडतो. त्याने पूर्ण प्रत काढायची आणि शोधाशोध त्या प्रतीवर करायची. आणि ओळी आल्याच नाहीत तर फाइल सिस्टीमचा विचारही करू नकोस, दोष वायरीत, पुरवठ्यात नाहीतर केसिंगमध्ये आहे.

सगळं सुरळीत आलं असं धरते. आता 'एलएसबीएलके' दे. लिस्ट ब्लॉक डिव्हाइसेस. याला सुडो लागत नाही, हा काही लिहीत नाही, काही मोडत नाही. दिवसातून शंभर वेळा चालवलास तरी हरकत नाही. झाडासारखी यादी येते, वर डिस्क आणि खाली तिच्या फांद्या म्हणजे पार्टिशन.

पहिल्यांदा बघशील तर 'लूप०', 'लूप१' अशी रांगच रांग दिसेल. घाबरू नकोस, त्या डिस्का नाहीतच. उबुंटू स्नॅपचे प्रोग्रॅम बंद गठ्ठ्यासारखे ठेवतो, स्क्वॉशएफएस नावाच्या फाइल सिस्टीममध्ये, आणि प्रत्येक गठ्ठा असा लूप उपकरण बनून यादीत येतो. 'एलएसबीएलके -ई ७' दिलंस की ते गायब, कारण लूप उपकरणांचा मेजर क्रमांक ७ आहे. एसडीवाल्यांचा ८.

उरलेल्यात 'एनव्हीएमई०एन१' म्हणून एक दिसेल, ४७६.९जी. ती तुझ्या लॅपटॉपच्या आतली ५१२ जीबीची एसएसडी. आकडा कमी दिसतो म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडू नकोस. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, एलएसबीएलके १०२४ च्या पटीत. म्हणून एक टीबीची डिस्क इथे ९३१.५जी दिसते आणि पाचशे जीबीची ४६५.८जी. हे दोनतीन आकडे डोक्यात बसवून टाक, नुसत्या आकारावरून अर्ध्या डिस्का ओळखू येतात. तेव्हा ९३१.५जी ती बाबांची.

आता जरा थांब, कारण घोळ होतो तो इथे. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कची नव्हेत. दवाखान्यातल्या टोकनसारखी आहेत ती: जो आधी आला त्याला 'ए', पुढच्याला 'बी'. उद्या क्रम बदलला की नाव बदललं. तुझ्या लॅपटॉपमधली आतली डिस्क एनव्हीएमई जातीची, तिची नावाची रीतच निराळी, त्यामुळे बाहेरून लावलेली पहिली डिस्क तुझ्याकडे 'एसडीए' होते. पण तुझ्या कॉलेजच्या लॅबमधली जुनी मशिनं आठव. त्यांच्यात आत साटा डिस्क आहे, म्हणजे तिथे 'एसडीए' ही खुद्द मशिनचीच डिस्क, आणि बाहेरची 'एसडीबी'. आता विचार कर, घरी पाठ केलेली 'एसडीए'वाली कमांड तिथे जाऊन चालवली तर? किंवा कुठल्या तरी लेखातली 'एसडीबी'वाली ओळ इथे जशीच्या तशी डकवली तर? डीडी कमांडमध्ये 'ओएफ' म्हणजे कुठे लिहायचं तो पत्ता. तिथे एक अक्षर चुकलं की ती 'खरंच का?' असंसुद्धा विचारत नाही, थेट लिहायला लागते. तिला गमतीने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते उगाच नाही. दुसऱ्याच्या लेखातल्या डिस्कच्या नावावर कधीच विसंबायचं नाही, अगदी माझ्या या चिठ्ठीतल्यासुद्धा. नाव दर वेळी नव्याने बघायचं.

मग भरवशाचं काय? 'एलएसबीएलके -ओ' देऊन पुढे स्वल्पविरामाने तुला हवे ते रकाने माग: नेम, साइज, मॉडेल, सीरियल, ट्रान. मॉडेल आणि सीरियल डिस्कच्या वरच्या स्टिकरशी ताडून बघता येतात. ट्रानमध्ये 'यूएसबी', 'साटा' की 'एनव्हीएमई' ते कळतं, म्हणजे आतली की बाहेरची याचा निकाल एका शब्दात लागतो. एक गोम आहे: केसिंगमधली डिस्क असेल तर पुष्कळदा मॉडेलमध्ये डिस्कचं नाव न येता केसिंगच्या चिपचं येतं. तसं झालं तर 'सुडो स्मार्टसीटीएल -आय' देऊन बघ, बऱ्याच केसिंगमधून तो आतल्या डिस्कपर्यंत पोचतो. आणि 'आरएम' रकान्यावर जाऊ नकोस. रिमूव्हेबल म्हणजे काढता येणारी असं वाटतं, पण पेन ड्राइव्हला तिथे १ असतो आणि यूएसबीने लावलेल्या हार्ड डिस्कला बहुधा ०. शून्य बघून 'ही आतली' म्हणणारे पस्तावतात.

हे झालं डिस्क कुठली ते. आत काय आहे ते बघायला 'एलएसबीएलके -एफ'. फाइल सिस्टीमचा प्रकार, लेबल, यूयूआयडी, कुठे माउंट झालीय, सगळं एका ओळीत. बाबांच्या डिस्कच्या पार्टिशनपुढे 'ईएक्सटी४' दिसलं की माझा अंदाज खरा. 'स्वॅप' दिसलं तर ते सोड, त्यात फोटो नसतात. 'एनटीएफएस' दिसलं तर ती त्यांच्या विंडोजच्या दिवसांतली. 'व्हीफॅट' म्हणजे फॅट३२ आणि तिचे भाऊबंद. 'क्रिप्टो लक्स' असं काही आलं तर बाबांनी डिस्क कुलूपबंद केली होती, मग पासवर्ड शोधायला आईकडे जावं लागेल. 'एलव्हीएम२ मेंबर' आलं तर मला फोन कर, ते प्रकरण वेगळं आहे.

तू म्हणशील, मग 'सुडो एफडिस्क -एल' कशाला म्हणून सगळे सांगतात? सांगू देत. एफडिस्क चांगलाच आहे, पण तो पार्टिशनच्या तक्त्यात काय लिहिलंय ते वाचतो. पार्टिशनच्या आत खरोखर काय आहे ते नाही. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात ७ हा आकडा एनटीएफएसलाही आणि एक्सफॅटलाही. ८३ म्हणजे नुसतं 'लिनक्स', आत ईएक्सटी४ असो नाहीतर एक्सएफएस. बरण्या आपल्या घरातही असतातच ना, वर एक चिठ्ठी आणि आत भलतंच. आणि बाबांच्या डिस्कवर एक मजा दिसण्याची शक्यता आहे. तक्ता जीपीटी पद्धतीचा असेल, तर ईएक्सटी४ पार्टिशनपुढेही एफडिस्क 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा' असं सांगू शकतो. सुरुवातीला लिनक्सवाल्यांनी जीपीटीमध्ये आपल्या डेटासाठी वेगळी खूण घेतलीच नव्हती, मायक्रोसॉफ्टचीच वापरली. पुढे स्वतःची घेतली, पण त्या काळात केलेली पार्टिशनं जुन्याच खुणेने राहिली. विंडोज ती खूण बघतं, आपलीच म्हणून ड्राइव्हचं अक्षर देऊन टाकतं, आत डोकावतं, काही कळत नाही, आणि मग तो फॉरमॅटचा चौकोन पुढे करतं. तुझ्या मैत्रिणीकडे असंच झालं असेल तर मला नवल वाटणार नाही.

खरी ओळख आतल्या बाइटांत असते. ईएक्सटी घराण्यातल्या फाइल सिस्टीम पहिले १०२४ बाइट बूटसाठी मोकळे सोडतात, तिथून सुपरब्लॉक सुरू होतो, आणि सुपरब्लॉकमध्ये ५६ बाइट आत गेलं की '५३ ईएफ' हे दोन बाइट सापडतात. म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०८० वर. एक्सएफएस पहिल्याच चार अक्षरांत 'एक्सएफएसबी' असं स्वतःचं नाव लिहून मोकळी होते. एनटीएफएस तीन बाइट सोडून आपलं नाव लिहिते. 'सुडो बीएलकेआयडी -पी /डेव्ह/एसडीए१' किंवा 'सुडो फाइल -एस /डेव्ह/एसडीए१' दिलंस की हेच बाइट ताजे वाचून उत्तर मिळतं. एलएसबीएलके एरवी यूडेव्हने टिपून ठेवलेलं सांगतो, त्यामुळे नुकतं काही बदललं असेल तर त्याचं आणि बीएलकेआयडीचं जुळत नाही. तेव्हा -पी वालं खरं धर. सुडो न देता साधं बीएलकेआयडी चालवलंस तर जुनं साठवलेलंही पुढे येतं किंवा काहीच येत नाही. 'काहीच आलं नाही, म्हणजे डिस्क रिकामी' असा निष्कर्ष तेवढा काढू नकोस.

कधी कधी बीएलकेआयडी -पी कुरकुरतो की एकाहून जास्त फाइल सिस्टीमच्या खुणा दिसताहेत, नक्की सांगता येत नाही. एखाद्या डिस्कवर पूर्वी एक होती, वर दुसरी घातली, पहिलीची खूण पुसायची राहिली, असा तो प्रकार. तो स्वतःच सुचवतो की वाइपएफएस वापरून बघ. नाव ऐकूनच पोटात गोळा येतो, खरंय. वाइपएफएसला नुसतं पार्टिशनचं नाव दिलं तर तो फक्त खुणांची यादी दाखवतो, पुसत नाही. पण '-ए' जोडलं की सगळ्या खुणा पुसतो. एका अक्षराचं अंतर. म्हणून बाबांच्या डिस्कवर तो अजिबात नको. हौस असेल तर एखाद्या फुटकळ पेन ड्राइव्हवर करून बघ.

'डीएफ -एचटी' तुला माहीतच आहे, जागा किती उरली बघायला आपण वापरतो. तो फक्त माउंट झालेलंच दाखवतो, हे ध्यानात असू दे. आणि टी मोठ्या लिपीतला, नाहीतर प्रकाराचा रकाना येणार नाही. त्यात 'फ्यूजब्लक' असं नाव दिसलं तर ती काही नवी फाइल सिस्टीम नव्हे. बहुतेक वेळा एनटीएफएस, पण कर्नलच्या बाहेरच्या एनटीएफएस-३जी ड्रायव्हरने जोडलेली. कर्नलमध्ये आता स्वतःचा एनटीएफएस३ आहे, २०२१ मध्ये ५.१५ आवृत्तीत आला. एक्सफॅटचंही तसंच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा आराखडा खुला केला, त्यानंतर ती कर्नलमध्ये नीट बसली. तोवर मोठ्या मेमरी कार्डांसाठी वेगळं पॅकेज टाकत बसावं लागायचं.

आता फोटो. तुझ्या लॅपटॉपवर डिस्क लावल्याबरोबर ती आपोआप माउंट होते, तीही लिहिण्याच्या परवानगीसह. जुन्या डिस्कला मी तसं ठेवत नाही. फाइल मॅनेजरमधून अनमाउंट कर. इजेक्ट नको, काही केसिंग त्याने डिस्कच बंद करतात. मग टर्मिनलवरून 'सुडो माउंट -ओ आरओ,नोलोड /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी'. आरओ म्हणजे फक्त वाचायचं. नोलोड अशासाठी की ईएक्सटी४ ला नुसतं आरओ दिलं तरी अर्धवट राहिलेला जर्नल ती पुरा करू बघते, म्हणजे थोडं लिहितेच. आणि एसडीए१ च्या जागी एलएसबीएलकेने जे दाखवलं असेल ते घाल, मघाशी टोकनचं सांगितलं ना. आत गेलीस की 'एलएस -एल' कर. बाबांच्या फाइलींची मालक म्हणून बहुधा तूच दिसशील! ईएक्सटी४ मालकाचं नाव साठवत नाही, क्रमांक साठवते, आणि उबुंटूवर पहिल्या माणसाला १००० क्रमांक मिळतो. तिकडे ते पहिले, इकडे तू.

एनटीएफएस पार्टिशन निघालं आणि ते 'डर्टी' आहे म्हणून माउंट व्हायला नकार मिळाला, तर जबरदस्ती करायची नाही. विंडोज नीट बंद न होता झोपवलेलं असलं की असं होतं. तेव्हाही आधी फक्त वाचायच्या परवानगीने मागून बघ. आणि एखाद्या जुन्या फॅट३२ पार्टिशनवर बाबांनी देवनागरीत ठेवलेली नावं नुसती प्रश्नचिन्हं होऊन आली, तर नावं गेली असं समजू नकोस. हाताने माउंट करताना यूटीएफ८ चा पर्याय दिला नसला की काही ठिकाणी असं दिसतं. अनमाउंट कर, '-ओ आरओ,यूटीएफ८' देऊन पुन्हा लाव. 'सहल महाबळेश्वर' पुन्हा सहल महाबळेश्वर होते. आतली श्रीलिपीत टाइप केलेली पत्रं मात्र अगम्य दिसतील, पण तो फाँटचा प्रश्न, डिस्कचा नाही. कॉपी करून ठेव, मग बघू.

कॉपी झाल्यावर नवी डिस्क कायमची जोडणार आहेस म्हणालीस. एफएसटॅबमध्ये लिहिताना एसडीए, एसडीबी लिहायचं नाही, यूयूआयडी लिहायचा. तो फाइल सिस्टीम बनवतानाच ठरतो आणि कुठल्याही पोर्टमध्ये लावली तरी तोच राहतो. त्याच्या लांबीवरूनही जात कळते: ईएक्सटी४ चा लांबलचक, छत्तीस अक्षरांचा, एनटीएफएसचा सोळा, फॅट आणि एक्सफॅटचा चार-चार अक्षरं, मध्ये डॅश. जोडीला 'नोफेल' हा पर्याय घाल, नाहीतर एखाद्या सकाळी डिस्क न लावता लॅपटॉप चालू केलास की तो दीड मिनिट वाट बघेल आणि मग तुला इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडेल. परीक्षेच्या दिवशीच होतं हे. डीडीने डिस्कची हुबेहूब प्रत काढलीस तर यूयूआयडीही हुबेहूब येतो, तेव्हा मूळ आणि प्रत एका वेळी लावायच्या नाहीत.

हो, तुझ्या त्या पेन ड्राइव्हचं राहिलं. उबुंटूची इमेज टाकल्यापासून विंडोजमध्ये अगदी थोडी जागा दाखवतो म्हणून तू तो खराब म्हणून टाकायला निघाली होतीस. एलएसबीएलके -एफ मध्ये बघ, 'आयएसओ९६६०' दिसेल, सीडीची फाइल सिस्टीम. डिस्कच्या ओळीत मात्र पूर्ण आकार येईल, २९जीच्या आसपास. चांगला आहे तो, नव्याने पार्टिशन कर, झालं. मात्र रस्त्यावर घेतलेला तो 'दोन टीबी'वाला स्वस्त पेन ड्राइव्ह आहे ना, त्याच्याबाबत एलएसबीएलकेवरही विश्वास ठेवू नकोस. चिपच खोटं बोलते, तर बिचारा कर्नल काय करणार, ती सांगेल तो आकार छापतो. एफ३ नावाचं साधन आहे, ते पेन ड्राइव्ह खरोखर भरून, पुन्हा वाचून खरी जागा सांगतं. त्याआधी त्यात बाबांचा एकही फोटो ठेवायचा नाही.

आता डिस्क लाव आणि दोनच गोष्टी मला पाठव: डीमेसेजच्या त्या शेवटच्या ओळी आणि एलएसबीएलके -एफ चं उत्तर. पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको, अक्षरं कॉपी करून पाठव. ते बघून मी सांगेपर्यंत माउंटची कमांड देऊ नकोस. आणि अडॅप्टरचं बटण भिंतीवर चालू आहे का, तेही बघ.